न्यायासनापुढील मूक आरोपी
(नभोवाणीवरील भाषण)

फौजदारी न्यायाचीं कांहीं गृहीतकें इतकीं जुनीं आहेत कीं, तीं सहसा आपल्या ध्यानांतहि येत नाहींत. आरोपीला त्याच्यावरील आरोप वाचून दाखवावा, साक्षीदारांनीं जें सांगावयाचें तें त्याच्या समक्ष सांगावें, आणि शेवटीं त्याला स्वतःचें म्हणणें मांडण्याची संधि द्यावी, हा क्रम आपण सर्व जाणतों. परंतु वाचून दाखविणें, सांगणें आणि म्हणणें मांडणें ह्या तिन्ही क्रियांच्या मुळाशीं कान आणि जीभ आहेत. ज्याला जन्मतः ऐकूं येत नाहीं, आणि ऐकूं येत नाहीं म्हणून बोलतांहि येत नाहीं, असा मनुष्य आरोपीच्या पिंजऱ्यांत उभा राहिला म्हणजे ह्या क्रमाचें काय होतें? पिंजऱ्यांत त्याचा देह तेवढा असतो. खटला त्याच्यावांचूनच चालतो.

ह्यावर उपाय वरवर पाहतां सोपा वाटतो. परभाषी आरोपीला जसा दुभाषी देतात, तसा ह्यालाहि हातांची भाषा जाणणारा दुभाषी द्यावा म्हणजे झालें! परंतु असा मनुष्य हवा तेव्हां मिळणें आजहि कठीण आहे, आणि पूर्वीं तर तो जवळजवळ नव्हताच. तो न मिळाल्यास न्यायालयें काय करीत आलीं, ह्याचा सुमारें अडीचशें वर्षांचा इतिहास आज थोडक्यांत आपणांपुढें ठेवावयाचा आहे. त्या इतिहासांत एक गोष्ट पुनः पुनः घडतांना दिसते. उणीव असते दुभाष्याची; कागदावर मात्र ती आरोपीच्या बुद्धीची उणीव म्हणून उतरते.

आरंभ इंग्लंडपासून केला पाहिजे, कारण आपल्या फौजदारी कायद्याचें घराणें तेथलेंच. सतराव्या शतकांतील प्रसिद्ध न्यायपंडित सर मॅथ्यू हेल ह्यांनीं असें लिहून ठेविलें होतें कीं, जन्मतः मुका व बहिरा असलेला मनुष्य कायद्यानें प्रथमदर्शनीं जडबुद्धीच समजावा. तो तसा नाहीं हें कोणीं सिद्ध केल्यास गोष्ट वेगळी. त्या काळीं आणखी एक चमत्कारिक अडचण होती. आरोप वाचून दाखविल्यावर कैद्यानें तो कबूल किंवा नाकबूल केल्यावांचून खटला पुढें चालत नसे. जो कैदी हट्टानें गप्प बसे, त्याला उताणा निजवून त्याच्या छातीवर वजनें रचीत, आणि तो बोलेपर्यंत अथवा मरेपर्यंत तीं वाढवीत. ही क्रूर चाल १७७२ सालीं कायद्यानें बंद झाली. म्हणून कैदी बोलत नाहींसा पाहिला म्हणजे ज्यूरीला प्रथम एवढेंच ठरवावें लागे कीं, हा हट्टानें मुका आहे, कीं देवाच्या करणीनें? पुढील काळांतील सर्व चर्चेचें बीज ह्या एका प्रश्नांत आहे. मुका मनुष्य दिसला कीं कायदा त्याच्या अंतःकरणाची परीक्षा घेऊं लागे. त्याच्याशीं बोलावयाचें कसें, हा विचार मागाहून येई.

तो विचार आला तो साक्षीदाराच्या निमित्तानें. १७८६ सालीं लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयांत एका फौजदारी खटल्यांत जॉन रस्टन नांवाचा जन्मतः मूकबधिर साक्षीदार उभा करण्यांत आला. त्याच्या खुणांचा अर्थ सांगण्यास त्याची सख्खी बहीण आली होती. अशा माणसाची साक्ष घ्यावी कीं नाहीं ह्याविषयीं वकिलांत वाद झाला. परंतु ज्याला समज आहे आणि जो खुणांनीं आपलें मन दुसऱ्यास कळवूं शकतो, त्याची साक्ष घेतां येते, असा निर्णय झाला व त्या बहिणीला शपथ देण्यांत आली. हा निर्णय उदार होता ह्यांत शंका नाहीं. मात्र त्यांत एक गोम होती. घरांत वाढलेल्या ह्या खुणा बाहेरच्या कोणास ठाऊक असणार? बहीण सांगेल तोच अर्थ. तो बरोबर कीं चूक, हें ताडून पाहण्याचें साधन न्यायाधीशापाशीं नव्हतें, आणि वकिलांपाशींहि नव्हतें. न्यायालयानें हक्क मान्य केला, पण तो पार पाडण्याचें काम आरोपीच्या अथवा साक्षीदाराच्या आप्तांवर सोडून दिलें. ही प्रथा पुढें फार दिवस टिकली.

ज्याला अशी बहीण नव्हती त्याची गत काय होई, हें १८३१ च्या एका खटल्यावरून दिसतें. एस्थर डायसन ही यॉर्कशायरमधील एक मूकबधिर तरुण स्त्री. आपल्या अनौरस अर्भकाचा खून केल्याचा तिच्यावर आरोप होता. तिच्या खुणा थोड्याबहुत समजणारा एक मनुष्य दुभाषी म्हणून मिळाला. त्याच्या मार्फत तिनें आरोप नाकबूल केला. येथपर्यंत निभावलें. परंतु ज्यूरीमधील एखाद्या माणसाविरुद्ध हरकत घेण्याचा तुला हक्क आहे, ही गोष्ट कांहीं केल्या तिला खुणांनीं समजावून देतां येईना. न्यायमूर्ति पार्क ह्यांनीं ज्यूरीला सांगितलें कीं, कामकाजाचें स्वरूप समजण्याइतकी समज हिला नाहीं असें तुम्हांस वाटत असेल, तर ती शुद्धीवर नाहीं असा निर्णय द्या. ज्यूरीनें तसा निर्णय दिला, आणि वेडसर गुन्हेगारांसंबंधीं १८०० सालीं झालेल्या कायद्यान्वयें, राजाची मर्जी होईतोंपर्यंत तिला बंदोबस्तांत ठेवण्याचा हुकूम झाला. तिनें तो गुन्हा केला होता कीं नव्हता, ह्या प्रश्नाचा निकाल लागलाच नाहीं. जिला कोणीं कधीं भाषा शिकविली नाहीं, तिला ज्यूरीचा कायदा एका सकाळीं कळला नाहीं, एवढ्यावरून ती वेडी ठरली.

पांच वर्षांनीं, १८३६ सालीं, प्रिचर्ड नांवाच्या दुसऱ्या एका मूकबधिर आरोपीचा खटला निघाला. त्यानेंहि खुणेनें आरोप नाकबूल केला. त्या प्रसंगीं बॅरन आल्डरसन ह्यांनीं ज्यूरीपुढें तीन प्रश्न ठेविले: हा कैदी हट्टानें मुका आहे कीं नाहीं, त्याला आरोपास उत्तर देतां येतें कीं नाहीं, आणि खटल्याचें कामकाज समजून घेऊन आपला बचाव नीट करण्याइतकी, ज्यूरीमधील माणसाला हरकत घेण्याइतकी आणि पुराव्याचा तपशील उमजण्याइतकी त्याची बुद्धि आहे कीं नाहीं. ह्या तीन प्रश्नांना 'प्रिचर्डची कसोटी' म्हणतात. मनोविकारामुळें खटला चालविण्यास आरोपी लायक आहे कीं नाहीं हें इंग्लंडांत आजहि मुख्यतः ह्याच कसोटीनें ठरतें. वेड्यांना लावावयाचें माप जन्मास आलें तें एका बहिऱ्या माणसाच्या खटल्यांत! बोलण्याचा मार्ग नसणें आणि बुद्धि नसणें ह्या दोन गोष्टी कायद्याच्या मनांत किती एकजीव झाल्या होत्या, ह्याला ह्याहून वेगळा पुरावा नको.

आतां हिंदुस्थानाकडे वळूं. येथें गोऱ्या विधिकारांनीं थोडी निराळी वाट धरली. १८९८ च्या फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्यांत, ज्याला आपण क्रिमिनल प्रोसीजर कोड म्हणतों त्यांत, ३४१ वें कलम असें होतें कीं, आरोपी वेडा नसूनहि त्याला कामकाज समजावून देतां येत नसेल, तर न्यायालयानें चौकशी किंवा खटला खुशाल पुढें चालवावा; मात्र शिक्षा ठरल्यास सर्व कागद आपल्या अहवालासह हायकोर्टाकडे पाठवावे, व हायकोर्टानें योग्य वाटेल तो हुकूम करावा. 'वेडा नसूनहि' हे ह्या कलमांतील शब्द महत्त्वाचे आहेत. न समजणें म्हणजे वेडेपण नव्हे, हें इंग्लंडांतील ज्यूरीला जें सुचलें नाहीं, तें आमच्या कायद्याच्या पुस्तकांत स्पष्ट लिहिलें गेलें. परंतु त्यापुढील वाट पाहा. इंग्लंडांत अशा आरोपीचा खटला थांबे, आणि माणूस बेमुदत कोंडला जाई. येथें खटला थांबत नसे, आणि माणूस न समजतांच दोषी ठरे. हायकोर्टाची देखरेख ही मोठी सोय खरी. पण ती खटला संपल्यानंतरची. साक्षीदाराला उलट प्रश्न विचारण्याची वेळ तोंवर निघून गेलेली असे. विसाव्या शतकाच्या आरंभींच्या मुंबई हायकोर्टाच्या निकालसंग्रहांत असल्या खटल्याला 'बादशहा विरुद्ध एक मूकबधिर आरोपी' असें शीर्षक दिलेलें आढळतें. अर्जदार, साक्षीदार, वकील, न्यायमूर्ति ह्या सर्वांना नांवें असतात. शीर्षकांत नांव नाहीं तें एका त्याला!

ह्यांतील विसंगति आपल्या मुंबईकरांना विशेष जाणवावी. ज्या हायकोर्टांत मराठी, गुजराती अशा भाषांचे कागद इंग्रजींत आणण्यासाठीं आणि साक्षी समजावून देण्यासाठीं सरकारी पगाराचे भाषांतरकार व दुभाषी नेमलेले असत, जेथें आरोपीला न समजणाऱ्या भाषेंतील पुरावा त्याला समजणाऱ्या भाषेंत सांगितलाच पाहिजे असा कायदा होता, तेथें हातांच्या भाषेसाठीं एकहि जागा नव्हती. कारण उघड होतें. ती भाषा आहे, असेंच कोणी मानीत नव्हतें. १९१६ सालीं इंग्लंडच्या फौजदारी अपील न्यायालयानें ली कुन नांवाच्या चिनी आरोपीच्या प्रकरणीं निर्णय दिला कीं, आरोपीची हजेरी म्हणजे नुसती देहाची हजेरी नव्हे. चाललेलें कामकाज त्याला कळलें पाहिजे. हा निकाल देणारे लॉर्ड रीडिंग पुढें १९२१ सालीं हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होऊन आले. १९२५ सालीं अमेरिकेंतील अलाबामा संस्थानच्या अपील न्यायालयानें हेंच तत्त्व बहिऱ्या आरोपीला लागू केलें आणि त्याला दुभाषी पुरविणें हें न्यायालयाचें कर्तव्य ठरविलें. तत्त्व अशा रीतीनें दोन्ही खंडांत मान्य झालें. दुभाषी मात्र आणावयाचा कोठून?

दुभाषी दुर्मिळ कां झाले, ह्याचें उत्तर न्यायालयांत सांपडत नाहीं. त्यासाठीं शाळेंत जावें लागतें. अठराव्या शतकांत पॅरिस येथें आबे द लेपे ह्यांनीं खुणांच्या साहाय्यानें बहिऱ्या मुलांस शिकविण्याची शाळा काढली, आणि तिच्या प्रभावानें अनेक देशांत अशा शाळा निघाल्या. तेथें मुलें जमत, त्यांची भाषा एकरूप होई, आणि ती जाणणारे शिक्षकहि तयार होत. परंतु १८८० सालीं मिलान येथें बहिऱ्यांच्या शिक्षकांची जी आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिनें ओठांवरून ओळखणें व तोंडानें बोलणें हीच पद्धत श्रेष्ठ असा ठराव केला. परिषदेंत मत देणारे बहुतेक सर्व ऐकूं येणारे होते. त्या ठरावानंतर शाळांतून खुणा हद्दपार झाल्या. हात बांधून बसविण्यापर्यंत कित्येक ठिकाणीं मजल गेली. आपल्याकडे मुंबईस बिशप म्यूरिन ह्यांच्या प्रयत्नानें १८८५ च्या सुमारास पहिली शाळा निघाली, व १८९३ सालीं कलकत्त्यास दुसरी. म्हणजे आमच्या शाळांचा जन्मच मिलानच्या छायेंत झाला. खुणांची भाषा मुलांनीं आपसांत, मैदानावर आणि वसतिगृहांत जिवंत ठेवली. शिक्षक ती शिकले नाहींत, आणि ज्या भाषेला शाळा नाहीं तिला दुभाषी कोठचा? मिलानच्या त्या ठरावांचा अखेर २०१० सालीं व्हँकुव्हर येथील त्याच परंपरेंतील परिषदेनें त्याग करून खेद प्रकट केला. मध्यंतरीं एकशें तीस वर्षें गेलीं होतीं.

खुणांची भाषा ही खरोखरीची भाषा आहे, तिला स्वतःचें व्याकरण आहे, हें १९६० सालीं अमेरिकेंतील विल्यम स्टोको ह्या अध्यापकानें शास्त्रीय रीतीनें दाखविलें. १९६४ सालीं इंडियाना संस्थानांतील मन्सी येथें भरलेल्या एका सभेंत तेथील दुभाष्यांची पहिली राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तोंपर्यंत हें काम पाद्री, शिक्षक आणि बहिऱ्या आईबापांचीं ऐकूं येणारीं मुलें फावल्या वेळीं करीत.

योगायोग असा कीं, ह्याच इंडियानांत चार वर्षांनीं, १९६८ सालीं, थिऑन जॅक्सन नांवाच्या सत्तावीस वर्षांच्या मूकबधिर मनुष्यावर दोन बायकांना लुबाडल्याचा आरोप आला. एकीची पर्स आंतील जिनसांसह चार डॉलरांची, दुसरीचे रोख पांच डॉलर. एकूण ऐवज नऊ डॉलर. त्याला लिहितां-वाचतां येत नव्हतें, खुणाहि फार थोड्या येत होत्या, आणि त्याची बौद्धिक वाढहि खुंटलेली होती. तो खटल्यास लायक नाहीं असें ठरून, 'शुद्धीवर येईपर्यंत' त्याला इस्पितळांत ठेवण्याचा हुकूम झाला. आतां बहिरेपण हा कांहीं ताप नव्हे कीं उतरावा! शिवाय अशा माणसाला जुजबी संवाद शिकविण्याची सोय संस्थानांत नाहीं, अशी साक्ष त्याच खटल्यांत झाली होती. म्हणजे नऊ डॉलरांच्या आरोपाखालीं, तो सिद्ध न होतां, जन्मठेप. १९७२ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें हा प्रकार घटनेविरुद्ध ठरविला. लायक होण्याचा संभव आहे कीं नाहीं हें पाहण्यास लागेल तेवढ्या वाजवी मुदतीपलीकडे कोणालाहि ह्या कारणास्तव अडकवून ठेवतां येणार नाहीं, असा तो निकाल आहे. एस्थर डायसनच्या हुकुमाला मिळालेलें हें उत्तर. पण तें यावयास एकशें एक्केचाळीस वर्षें लागलीं. पुढें १९७८ सालीं तेथील मध्यवर्ती न्यायालयांत बहिऱ्या आरोपीस दुभाषी पुरविण्याचा कायदाहि झाला.

तथापि कायदा केल्यानें सर्व भागतें असें नाहीं. शिकागो येथील डोनाल्ड लँग हा मनुष्य १९६५ सालीं खुनाच्या आरोपाखालीं पकडला गेला. तो कधीं शाळेंत नीट शिकला नव्हता. त्याला बोलकी भाषा येत नव्हती आणि खुणांचीहि येत नव्हती. त्याचे वकील स्वतः बहिरे होते, त्यांना खुणा उत्तम येत, तरी आपल्या अशिलाला विचारून घेणें त्यांना जमलें नाहीं. दुसऱ्या एका खुनाबद्दल त्याला १९७२ सालीं झालेली शिक्षा १९७५ सालीं अपिलांत रद्द झाली, कारण ही अडचण भरून काढील अशी कोणतीच तजवीज त्या खटल्यांत शक्य नव्हती. त्यानंतरहि तो मोकळा झाला नाहीं. बालपणीं भाषा मिळाली नाहीं, तर तारुण्यांत दुभाषी मिळून तो तरी काय करणार? दुभाष्यांचा तुटवडा शाळेंत सुरू होतो, तो असा दोन्ही बाजूंनीं.

श्रोतेहो, हें काम वाटतें त्याहून अवघड आहे, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. खुणांची भाषा सर्व जगांत एक नाहीं. अमेरिकेची निराळी, भारताची निराळी. 'त्यानें त्याला मारलें' हें वाक्य तोंडानें सांगतां येतें. हातांनीं सांगतांना मुठीनें मारलें, काठीनें कीं सुऱ्यानें, हें बहुधा त्या खुणेंतच दाखवावें लागतें. प्रश्न विचारणाऱ्या वकिलानें हत्याराचें नांव घेतलेलें नसतां दुभाष्यानें सुऱ्याची खूण केली, कीं उत्तर त्यानेंच पुरविल्यासारखें होतें. समोरचा बोलत असतां बहिरा मनुष्य मान हालवितो, ती पुष्कळदां 'पाहतों आहें, पुढें सांगा' ह्या अर्थानें. पोलिसांच्या टिपणांत तिची 'होय' होते. 'जामीन', 'माफीचा साक्षीदार' असल्या शब्दांना ठरलेल्या खुणा नसल्या, तर प्रत्येक शब्दाची गोष्ट करून सांगावी लागते. हात आणि चित्त दोन्ही थकतात, म्हणून लांबलेल्या कामाला दोन दुभाषी आळीपाळीनें लागतात. ज्याला घरच्या खुणांपलीकडे कांहीं येत नाहीं, त्याच्यासाठीं तर एक बहिरा दुभाषी मध्यें घ्यावा लागतो. तो त्या खुणा ओळखून प्रचलित खुणांत आणतो, आणि ऐकूं येणारा दुभाषी त्या शब्दांत आणतो. आणि सर्वांत साधी गोष्ट म्हणजे हातकड्यांची. बोलक्या आरोपीला हातकड्या घातल्या तरी तो ओरडून सांगूं शकतो. ह्याचे हात बांधले कीं जीभच बांधली.

आतां आपली आजची स्थिति पाहूं. २०११ च्या खानेसुमारींत ऐकण्याचा दोष असलेले सुमारें पन्नास लाख लोक भारतांत नोंदले गेले. त्यांच्यासाठीं प्रशिक्षित दुभाषी मात्र शेंकड्यांत मोजतां येतील इतकेच आहेत, आणि तेहि बहुतेक मोठ्या शहरांत. वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ पासून आहे. भारतीय खुणांच्या भाषेचें संशोधन व शिक्षण ह्यांसाठीं दिल्लीस २०१५ सालीं स्वतंत्र केंद्र निघालें, आणि त्यानें २०१८ सालीं तीन हजार शब्दांचा कोश प्रसिद्ध केला. २०२३ सालीं आपल्या सर्वोच्च न्यायालयांत एका कर्णबधिर महिला वकिलानें दुभाष्यामार्फत काम चालविलें. हीं सर्व चिन्हें शुभ आहेत.

कायद्यांतहि पालट झाला आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें मुक्या साक्षीदाराला लिहून किंवा खुणांनीं साक्ष देण्याची मुभा दिलीच होती. २०१३ सालीं त्यांत दुरुस्ती होऊन, अशा साक्षीदारासाठीं दुभाष्याची अथवा विशेष शिक्षकाची मदत न्यायालयानें घेतलीच पाहिजे आणि त्या साक्षीचें चित्रीकरण झालें पाहिजे असें ठरलें. चित्रीकरणामुळें १७८६ पासूनची ती गोम प्रथमच दूर झाली. दुभाष्यानें केलेला अर्थ आतां दुसऱ्या जाणकाराला तपासतां येतो. परंतु आरोपीकडे पाहावें तर काय दिसतें? १८९८ चें तें ३४१ वें कलम १९७३ च्या कायद्यांत ३१८ वें झालें, आणि १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंत तें नव्या क्रमांकानें, त्याच आशयानें कायम आहे. साक्षीदाराला दुभाषी 'दिलाच पाहिजे'. आरोपीला कामकाज कळलें नाहीं तर कागद वर पाठवावे. अपंगांच्या हक्कांविषयींच्या २०१६ च्या कायद्यानें न्यायालयांत आपल्या पसंतीच्या भाषेंत म्हणणें मांडण्याची सोय सर्वांना देऊं केली आहे. परंतु फौजदारी न्यायाधीश ज्या पुस्तकाप्रमाणें रोजचें काम चालवितो, त्यांत हा भेद तसाच उरला आहे.

ह्यावर उपाय फार खर्चाचे आहेत असें नाहीं. प्रत्येक जिल्हा न्यायालयानें प्रशिक्षित दुभाष्यांची यादी ठेवावी, आणि त्यांना प्रवासखर्चासह योग्य मोबदला द्यावा. अटक झाल्यापासूनच दुभाषी बोलवावा. पोलिसांचा दुभाषी आणि बचावाचा दुभाषी एकच नसावा. साक्षीदाराप्रमाणें आरोपीच्या जबाबाचेंहि चित्रीकरण व्हावें. शाळांतून खुणांच्या भाषेला जागा मिळावी, म्हणजे वीस वर्षांनीं दुभाषीहि मिळतील आणि त्यांचें बोलणें समजणारी माणसेंहि मिळतील.

आणि हें सर्व होईतोंपर्यंत निदान एक गोष्ट आजच करतां येण्यासारखी आहे. तिला एक पैहि लागत नाहीं. दुभाषी मिळाला नाहीं, तर न्यायालयानें आपल्या रोजनाम्यांत तसेंच लिहावें. 'आरोपीस कामकाज समजत नाहीं' ह्या वाक्याऐवजीं 'आरोपीस कामकाज समजावून देणारा मनुष्य सरकारनें पुरविला नाहीं' असें वाक्य कागदावर आलें, तर वरच्या न्यायालयाला उणीव कोणाची हें दिसेल, आणि ती भरून काढण्याची जबाबदारी कोणाची हेंहि विचारतां येईल.